हाडांसकट

सोमवारी दुपारी मी ऑफिसच्या किचनमध्ये डबा गरम करत उभा होतो, तेव्हा संपतच्या बायकोचा, वैशाली वहिनींचा फोन आला. रविवारपासूनचा हा त्यांचा चौथा फोन. संपत शिकारीला गेलाय, रविवारी चारपर्यंत येतो म्हणाला होता, अजून आला नाही, असं त्या सांगत होत्या आणि मी दर वेळी त्यांना शहाणपणा शिकवत होतो. डोंगरात रेंज नसते वहिनी, टायर बसला असेल, येईल. रात्री त्यांनी माझं न ऐकता पोलिसांना कळवलं, हे त्यांचं बरोबर होतं. आता फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, सापडले." आणि मी मूर्खासारखा मोठ्याने म्हणालो, "बघा, मी म्हणालो नव्हतो?" मायक्रोवेव्ह वाजत राहिला. शेजारी उभ्या असलेल्या मुलीने माझा डबा बाहेर काढून माझ्यापुढे ठेवला तेव्हा मला कळलं की फोनवर वहिनी रडतही नाहीयेत, नुसता फोन धरून आहेत.

मेलबर्नपासून अडीच-तीन तासांवर, मॅन्सफिल्डच्या पुढच्या डोंगरात, गाडीरस्त्यापासून दीड-दोन किलोमीटर आत, शोधायला गेलेल्या लोकांना तो एका आडव्या पडलेल्या झाडाला टेकून बसलेला दिसला. पाठीवर ओझं वाहायची ॲल्युमिनियमची फ्रेम, तिच्यावर बांधलेलं सांबराचं मांस, पट्टे छातीवर आणि कमरेला आवळलेले. दुसऱ्या शिकाऱ्याला चालतं जनावर वाटू नये म्हणून ओझ्यावर नारिंगी फडकं बांधतात, तेही नीट बांधलेलं होतं. हृदय बंद पडलं होतं. वय बेचाळीस. पाठीवरचं ओझं चाळीस किलोच्या आसपास असावं, असं त्यांच्यातला एकजण म्हणाला.

त्याला आता सहा आठवडे झाले. लोक म्हणतात, लिही, मन मोकळं होईल. मला तसं काही होईल असं वाटत नाही, पण जे मी संपतला सांगायला हवं होतं ते कुठेतरी सांगितलं पाहिजे, म्हणून लिहितोय.

आम्ही दोघं आलो ते दिवस असे होते की मेलबर्नला उतरणाऱ्या प्रत्येक विमानात निम्मी आपली पोरं असायची. मी चिंचवडचा, अकाउंटिंग शिकायला आलो. संपत पाटण तालुक्यातला, कोयनेच्या खोऱ्यातला, आणि तो आला होता स्वयंपाक शिकायला, कारण एजंटाने सांगितलं होतं की कुकरीचा कोर्स केला की पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, लवकर मिळतो. घरी आयुष्यात पाण्याचा तांब्या स्वतः भरून न घेतलेला हा गडी इथे पांढरी टोपी घालून सॉस ढवळायला शिकत होता आणि आम्ही त्याची यथेच्छ टिंगल करत होतो. मेलबर्नच्या सनशाइन उपनगरात तीन खोल्यांच्या घरात आठजण. गाद्या जमिनीवर, बाथरूमला नंबर, फ्रिजमध्ये ज्याच्या त्याच्या नावाचं दूध. सकाळच्या शिफ्टला आम्ही दोघं लॅव्हर्टनच्या एका वेअरहाउसमध्ये खोके उचलायचो. तिथला सुपरवायझर ग्रॅहम. पन्नाशी उलटलेला, गुडघे गेलेले, आणि डोक्यात एकच वेड, सांबर. आमच्याकडचं सांबर इथे गोऱ्यांनी आणून सोडलं आणि ते इतकं वाढलं की आता त्याची शिकार कायदेशीर आहे, हे संपतला कळलं तेव्हा तो दोन दिवस दुसरं काही बोलला नाही.

ग्रॅहमला बंदूक चालवता येत होती पण मांस वाहून आणणं आता जमत नव्हतं. आमची उचलायची ताकद तो रोज बघत होता. एका सकाळी त्याने विचारलं, "यू बॉइज फॅन्सी अ वॉक?" आम्हाला वाटलं फिरायला नेतोय. मटण आमच्या खिशाला न परवडणारी गोष्ट होती, त्यामुळे निम्मं मांस तुमचं, हे ऐकल्यावर संपतने माझ्या वतीनेही हो म्हणून टाकलं.

तो पहिला दिवस मला लख्ख आठवतो. ग्रॅहमने घळीच्या तळाशी एक मादी मारली. गाडी वर धारेवर, मध्ये अंगावर येणारा चढ, ओली पानं, ब्लॅकबेरीची काटेरी जाळी. ग्रॅहम सुरी काढून बसला आणि सराईतपणे मांस हाडावरून सोडवायला लागला. ही इथली रीत. हाडं तिथेच ठेवायची, नुसतं मांस कापडी पिशव्यांत भरायचं, ओझं निम्म्याने कमी होतं. संपत बघत होता आणि त्याचा चेहरा पडत चालला होता.

"मिल्या, आरं ह्यो हाडं टाकतोय की!"

"टाकू दे ना. आपल्यालाच वाहायचंय."

"लका, हाडाबिगर रस्सा कशाचा? आणि वाटा कसा घालायचा?"

मग तो ग्रॅहमच्या शेजारी उकिडवा बसला आणि हातवारे करून त्याला थांबवलं. ग्रॅहम म्हणाला, "मेट, यू कॅन्ट ईट द बोन्स." संपत म्हणाला, "वी कॅन. यू कम होम, आय शो यू." शेवटी मागच्या दोन्ही तंगड्या, फरे, बरगड्या, मान, काळीज, सगळं हाडांसकट निघालं. त्याने अंगातला फ्लॅनेलचा शर्ट काढून त्याची चुंबळ केली आणि पहिली तंगडी डोक्यावर ठेवून चढ चढायला लागला. ग्रॅहम हसून हसून खोकला. दोन वेळा तंगडी घरंगळून खाली गेली, मग मुकाट्याने फ्रेम पाठीला लावली. आमच्या तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला मी अक्षरशः रडत होतो, मांड्या थरथरत होत्या, आणि हा पुढे चालत मला सांगत होता की त्याच्या आजोबांच्या काळी गावात डुक्कर मारलं की कसे वाटे घालायचे. ज्याची गोळी लागली त्याला एक, ज्याने नुसतं हाकारलं त्याला एक, आणि जो तापाने घरात पडून आहे त्याच्याही घरी एक. प्रत्येक वाट्यात थोडं काळीज, एक बरगडी, मांडीचा तुकडा, एक नळी. एकाला नुसतं मांस आणि दुसऱ्याला नुसती हाडं असं चालत नाही. मागे काही टाकलं तर कुणाचा तरी वाटा कमी पडतो. म्हणून काही टाकायचं नाही.

त्या रविवारी सनशाइनच्या घरात आठजणांनी जो रस्सा ओरपला तसं जेवण मी नंतर कुठेही जेवलो नाही. कुकरी शाळेत नापास होता होता वाचलेल्या या माणसाने गावाकडून आलेला मसाला घालून पातेलंभर शिजवलं होतं. ग्रॅहमही आला होता. त्याच्या डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहत होतं, तरी तो नळी ताटावर आपटून चोखत होता. त्या वर्षी आपल्या पोरांना स्टेशनवर मारहाण व्हायची, घरून रोज काळजीचे फोन यायचे, कुणाचं कॉलेज अचानक बंद पडायचं. आम्ही सगळे आतून भेदरलेले होतो. पण संपत वाटे घालत असायचा त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी काहीतरी वेगळं काढून ठेवलं जायचं. परदेशात आपलं नाव असं कुणी घेणं म्हणजे काय असतं, ते ज्याने ते दिवस काढले त्यालाच कळेल.

पुढची काही वर्षं आम्ही दोघं मिळून जात राहिलो. माझं काम ठरलेलं होतं. भरलेली फ्रेम एकट्याने पाठीवर घेणं फार कठीण. कुणीतरी मागून उचलून द्यावी लागते, पट्टे लागेपर्यंत धरून ठेवावी लागते, आणि विसाव्याला उतरवूनही घ्यावी लागते. एकटा माणूस असेल तर त्याने आधी जमिनीवर बसायचं, बसून पट्टे आवळायचे, मग कुशीवर वळून गुडघ्यांवर यायचं आणि झाडाला धरून उठायचं. एवढा उपद्व्याप एकदा झाला की मग वाटेत कोणी ती फ्रेम उतरवत नाही. दम लागला तर तशीच कुठेतरी टेकवून उभं राहायचं किंवा बसायचं... हे मला माहीत होतं. तोही सांगायचा, "मिल्या, तू उचलून देतोस म्हणून जमतं बघ." मी गेली सात वर्षं गेलो नव्हतो.

पीआर झाले, लग्नं झाली, आठांपैकी सहाजणांनी ट्रुगानिनात एकमेकांपासून दहा मिनिटांवर घरं घेतली. मी बँकेत लागलो. संपतने सॉस ढवळणं सोडलं आणि ट्रक चालवायला लागला. बंदुकीचं आणि शिकारीचं लायसन्स रीतसर काढलं. ग्रॅहम गुडघे बदलून बेंडिगोला लेकीकडे राहायला गेला, तेव्हापासून हा बहुतेक वेळा एकटाच जायचा. वर्षातून तीनदा. आणि परत आला की ठरलेलं, रविवारी संध्याकाळी त्याची यूट, ती मागे उघडा हौदा असलेली गाडी, आमच्या दारात. हातात पिशवी, वर मार्करने मराठीत नाव लिहिलेलं, मिलिंद.

आता ते सांगतो. आम्ही ते मांस खात नव्हतो.

सुरुवातीला खायचो. मग अस्मिता, माझी बायको, म्हणाली की घरभर उग्र वास राहतो. मुलं म्हणाली, "इज दॅट डिअर? दॅट्स ग्रोस." एकदा फ्रीजरमध्ये ठेवलं ते वर्षभर राहिलं. मग मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून लाल झाकणाच्या बिनमध्ये टाकलं, कचऱ्याची गाडी यायच्या दिवशी सकाळी, म्हणजे वास सुटणार नाही. पहिल्यांदा टाकताना हात जड झाला होता. नंतर सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते आणि मला तर फार लवकर होते. बाकीच्या घरांतही हेच चाललं होतं. एकाच्या बायकोने मांसाहार सोडला, एकाचं कोलेस्टेरॉल वाढलं, एकाची मुलं चिकन नगेट्सशिवाय कशाला हात लावत नव्हती. बार्बेक्यूला भेटलो की आम्ही यावर विनोद करायचो. संपत आला की विषय बदलायचो. त्याला सांगायचं कुणी, हा प्रश्न प्रत्येकाने दुसऱ्यावर ढकलला. वाईट वाटेल रे त्याला, असं म्हणायचो. आम्ही त्याचं मन जपतोय असं आम्हाला खरंच वाटत होतं.

दारात उभा राहून तो दर वेळी विचारायचा, "मागचं कसं होतं?" आणि मी दर वेळी मान डोलावून चांगलंच सांगायचो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. एकदा काहीतरी खरं वाटावं म्हणून मी जास्तीचं बोललो. "नळ्या काय होत्या रे संप्या! पोरांनी भांडून खाल्ल्या." त्याचा चेहरा असा फुलला की मलाच क्षणभर ते खरं वाटलं. त्यानंतर माझ्या पिशवीत नेहमी दोन नळ्या जास्त असायच्या. चारही पायांची हाडं तो वर चढवून आणायचा. ती कुठे जात होती हे मला माहीत होतं, आणि ती पाठीवर घेतली की चढ कसा लागतो हेही मला माहीत होतं. या गोष्टीसाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही, आणि कुणी करायला आलं तर मला राग येतो.

शेवटचा फोन गुरुवारी आला. "येतोस का रे मिल्या? दोघं असलो तर दोन फेऱ्यांत हुईल. हल्ली दम लागतोय जरा."

मी म्हणालो, "या वीकेंडला नाही जमणार यार, मुलांचं स्विमिंग आहे. नेक्स्ट टाइम नक्की."

"बरं बरं. नो वरीज. रविवारी येतोच वाटा घेऊन."

दम लागतोय, हे त्याने सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं. मी विचारायला हवं होतं, कसला दम, डॉक्टरला दाखवलंस का. किंवा नुसतं एवढं म्हणायला हवं होतं की संपत, जाऊ नकोस, आमच्या घरी ते कोणी खात नाही. एका वाक्याचं काम होतं. तो चिडला असता, महिनाभर बोलला नसता, आणि मग कधीतरी स्वतःपुरतं किलोभर मांस पिशवीत घालून, मोकळ्या पाठीने डोंगरातून परत आला असता.

अंत्यसंस्काराला ग्रॅहम काठी टेकत आला होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "आय टोल्ड हिम अ हंड्रेड टाइम्स, मेट. बोन इट आउट, लीव्ह द बोन्स. ही सेड द बॉइज लाइक इट ऑन द बोन." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याने विचारलं, "यू डू, डोन्ट यू?" मी म्हणालो, "येस." मेलेल्या माणसासमोरही मी तेच केलं.

संपतच्या आधीच्या दोन फेऱ्यांचं मांस यूटमधल्या एस्कीत, त्या बर्फाच्या मोठ्या पेटीत, नीट राहिलं होतं. थंडीचे दिवस, बर्फ पुरता विरघळलाही नव्हता. पोलिसांनी गाडी सोडल्यावर ग्रॅहमनेच ते वहिनींच्या गराजमधल्या फ्रीजरमध्ये नेऊन ठेवलं. पाठीवरचं मात्र टिकलं नाही. तेरावा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी वहिनींनी मला बोलावलं. मी ठरवून गेलो होतो की आज त्यांना सगळं सांगायचं. त्यांनी गराजचं दार उघडलं, टेबलावर प्लास्टिक अंथरलेलं होतं, सुरी, छोटी करवत आणि मार्कर काढून ठेवलेला. म्हणाल्या, "भाऊजी, यांचे वाटे राहिलेत. मला ते घालता येत नाहीत. तुम्ही बरोबर असायचात, तुम्हाला माहीत आहे काय कुणाला." मग त्या अगदी सहज म्हणाल्या, "घरात आता कोण खाणार? यांना तर डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच बंद केलं होतं. युरिक ॲसिड. तुमच्यासाठीच जायचे. मी म्हणायचे नका जाऊ, तर म्हणायचे, अगं पोरं वाट बघतात."

त्यानंतर मला काय सांगता येणार होतं? मी वाटे घातले. काळीज, बरगडी, मांडी, नळी. पाच पिशव्या, सहावी ग्रॅहमची. माझं अक्षर त्याच्यासारखं येत नव्हतं. दारात त्यांची तनू उभी राहून बघत होती, आठ वर्षांची. तिने विचारलं, "आर दोज डॅडीज पार्सल्स?" मी हो म्हणालो.

दुपारी बाकीच्या चारही घरी गेलो. प्रत्येकाने पिशवी दोन्ही हातांनी घेतली. कुणी रडलं, कुणी नुसतं बघत राहिलं. शेवटचं घर नितीनचं. तो सनशाइनला माझ्या शेजारच्या गादीवर झोपायचा. पिशवी हातात धरून त्याने हळूच विचारलं, "बार्बेक्यूतले विनोद सोड. तू खरंच खायचास का रे?"

"नाही."

"मीपण नाही." मग जरा थांबून म्हणाला, "एकही घर नाही?"

"एकही नाही."

तो पायरीवर बसला. मीही बसलो. समोरच्या घराच्या लॉनवर कुणीतरी मशीन फिरवत होतं. पुढचं वाक्य दोघांनाही माहीत होतं.

घरी येऊन मी एप्रन बांधला. अस्मिताने पिशवीवरचं नाव बघितलं आणि कांदे काढून दिले. खिडक्या उघडल्या नाहीत. दोन तास कुकर आणि पातेलं यांच्यामध्ये उभा राहिलो. मुलगा वरून ओरडला, "बाबा, व्हॉट्स दॅट स्मेल?" मी म्हणालो, संपतकाकाने आणलंय. तो जिन्यात येऊन थांबला. "बट ही डाइड," म्हणाला, आणि परत वर गेला.

मी एकट्याने ताट वाढून घेतलं. बरगडी आधी खाल्ली, मग मांडीचा तुकडा, मग नळी ताटावर आपटून चोखली. मांस मऊ शिजलं होतं. उग्र वास म्हणतात तसा काही नव्हता, रस्सा चांगला दाट आला होता. चव खरोखर छान होती. इतकी वर्षं एक घासही न खाता मी त्याला तेच सांगत आलो होतो.